एक्केचाळीस नंबरची नळी

योटेबोरी शहरातल्या प्रयोगशाळेत गुनवोर वीस वर्षं रक्तात विस्मरणाच्या आजाराची खूण शोधत होती. निरोगी माणसांचे नमुने कमी पडले, तेव्हा तिनं स्वतःचंही रक्त दिलं. नळ्यांवर नावं नव्हती, नुसते नंबर. एक्केचाळीसमध्ये आजाराचं प्रथिन भरमसाट निघालं आणि हे रक्त आपलंच, असं तिच्या मनानं घेतलं. घरी जाऊन तिनं साखर-मिठाच्या डब्यांवर चिठ्ठ्या डकवल्या. तीन दिवसांनी तिनं रडत रडत सहकारी डॉक्टर सिक्स्तेनला सांगितलं.

"अगं, तो रुग्णाचा नमुना! मशीन तपासायला सोमवारी तूच ठेवलास ना?"

"अगंबाई, विसरलेच की!"

प्रयोगशाळेतले सगळे खो खो हसले. गुनवोरनं मात्र आधी स्वतःचा निकाल मागितला. तो स्वच्छ निघाला, तेव्हा कुठे ती सगळ्यांहून मोठ्यानं हसली.