दिवेवालीचं बाद अंडं

सव्वीस वर्षांत तुझ्या हातून किती अंडी गेली असतील, असं दिवेवालीला कोणी विचारलंच, तर ती म्हणायची, "मला काय विचारता, कोंबड्यांना विचारा!"

शहराच्या टोकाला अंड्यांची शेड होती, आणि शेडमध्ये एक बिनखिडक्यांची खोली. खोलीत सरकता पट्टा, पट्ट्याखाली दिवे. दिव्यांवरून अंडी गडगडत जायची, आतून उजळलेली. ती तिथे स्टुलावर बसायची, म्हणून दिवेवाली. तडा दिसला, बाद. रक्ताचा ठिपका दिसला, बाद. शंका आलीच तर दोन अंडी कानाशी नेऊन एकमेकांवर हलकेच वाजवायची. धडकं अंडं टण्ण बोलतं, तडकलेलं बद्द. नव्या पोरी डोळे फाडफाडून बघत बसायच्या आणि हिचा हात गप्पा मारता मारता नेमका त्याच अंड्यावर पडायचा. मुकादम दिवसभर तिच्यावर गुरगुरायचा खरा, पण ती एक दिवस रजेवर गेली की त्याच्याच तोंडचं पाणी पळायचं. हे तिला पक्कं ठाऊक होतं आणि त्याचा तिला गर्व होता. का नसावा?

पण हा गर्व शेडच्या फाटकापर्यंतच. शनिवारी बाद अंडी कामगारांना घरी नेऊ देत. ती नेताना दिवेवाली पिशवीवर वर्तमानपत्र झाकायची. खायला ती अंडी उत्तम, त्यात खोट नव्हती. तरी टाकलेला माल तो टाकलेला माल, शेजाऱ्यापाजाऱ्यांना कशाला दाखवा!

तिची नात दुसरीत होती. पोरगी जिभेने अशी तिखट की घरात तिला मिरचीच म्हणत. ईस्टर जवळ आला तेव्हा वर्गाच्या बाईंनी विचारलं, "अंडी रंगवायला कोणाच्या घरचं कोणी येईल का?" मिरचीने हात वर केला. "माझी आजी! तिला अंड्यातलं सगळं कळतं. न फोडता ती आतलं सांगते!"

वर्ग हसला. मागच्या बाकावरची दोन वेण्यांची मुलगी म्हणाली, "थापाडी."

घरी आल्यावर मिरचीने दप्तर आपटलं. "आजी, तू यायचंस म्हणजे यायचंस. नाहीतर मी थापाडी ठरेन."

"शाळेत? मी? अगं, मी चौथीपुढचा फळा बघितलेला नाही."

"फळ्यावर कुठे रंगवायचंय? अंड्यावर तर रंगवायचंय!"

मग आजीला हो म्हणावंच लागलं.

रविवारी दोघींनी स्वयंपाकघरात तालीम केली. बाद अंड्यांतली दोन चांगली कडक उकडली. मेणाच्या खडूने वर चित्र काढलं. कपात कोमट पाणी, खाण्याचा निळा रंग आणि चमचाभर व्हिनेगर घेऊन त्यात अंडी बुडवून ठेवली. पाच मिनिटांनी काढली तर अंडं निळंशार, आणि जिथे खडू लागला होता तिथे रेघा पांढऱ्याच्या पांढऱ्या. मिरचीने स्टुलावर बसलेली आजी काढली होती. आजीच्या डोक्यातून एक बारीक तडा निघाला होता, तिने तीच वेणी ठरवून टाकली.

झालं, जमलं. पण दिवेवालीच्या मनाने उचल खाल्ली. पोरांच्या हातात बाद अंडी द्यायची? बाई काय म्हणतील? शाळेत जायच्या आदल्या दिवशी तिने आयुष्यात पहिल्यांदा शेडमधून पहिल्या प्रतीच्या अंड्यांचा अख्खा ट्रे विकत घेतला. एकेक स्वतः वाजवून निवडलं.

मुकादम म्हणाला, "आज काय, मेजवानी आहे वाटतं?"

"शाळेत शिकवायला चाललेय," ती म्हणाली आणि मान ताठ करून निघाली.

वर्गात अठ्ठावीस पोरं. प्रत्येकाने आपापल्या अंड्यावर खडूने फुलं, मासे, मोटारी काढल्या आणि अंडी रंगात सोडली. पाच मिनिटांनी अंडी वर आली, आणि रंग अळवावरच्या पाण्यासारखा ओघळून गेला. कुठे फिकट डाग, कुठे नुसताच थेंब. अजून पाच मिनिटं ठेवली, तरी तेच. एक पोरगा रडायला लागला.

बाई समजूतदार होत्या. म्हणाल्या, "राहू द्या आजी, आपण कागदावरच अंडी काढू."

मागच्या बाकावरून तोच शब्द आला. "थापाडी."

मिरचीची मान खाली गेली. स्वतःचं हसं झालं असतं तर दिवेवालीने ते पचवलं असतं. पण ज्या पोरीला कोणी खाली बघायला लावू शकलं नव्हतं तिने आज आपल्यापायी खाली बघितलं, या विचाराने तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात मिरचीने खिशातून रुमालाची पुरचुंडी काढली. आत रविवारचं निळं अंडं. "घरी ठेव म्हणाली होतीस, पण मी आणलं. आजी, याला तर लागला होता ना रंग?"

काखेत कळसा नि गावाला वळसा! दिवेवालीने एका हातात निळं घेतलं, दुसऱ्यात डागाळलेलं. दोन्हींवरून अंगठा फिरवला. एक खरखरीत, एक गुळगुळीत.

"तेल!" ती एवढ्या जोरात ओरडली की रडणारा पोरगा गप्प झाला.

पास झालेली अंडी टिकावीत म्हणून त्यांच्यावर तेलाचा फवारा मारतात. दिव्यांवर बसण्याआधी चार वर्षं तिने हेच काम केलं होतं. बाद अंडी त्याआधीच पट्ट्यावरून उतरतात, त्यांना कोण तेल लावतोय! हे सांगायचं तर निळं अंडं कुठलं तेही सांगावं लागणार होतं. तिने निळं अंडं सगळ्यांना दिसेल असं वर धरलं. मग म्हणाली, "हे अंडं बाद आहे. आमच्या घरी बादच अंडी येतात. म्हणून तर याच्यावर रंग बसला. आता बाह्या वर करा!"

कोमट पाणी आलं, साबण आला. अठ्ठावीस जणांनी अंडी चोळली, चित्रं पुन्हा काढली. दोन वेण्यांची मुलगी आपलं धुतलेलं अंडं घेऊन आली. आजीने सवयीने ते कानाशी नेलं, दुसऱ्यावर हलकेच वाजवलं. "खाली बुडाशी केसाएवढा तडा आहे बघ, चोळताना गेलाय."

मुलीने अंडं उलटं केलं, डोळ्याजवळ नेलं. मग ती वळून सगळ्या वर्गाला म्हणाली, "आहे! खरंच आहे!"

मग काय, प्रत्येकाला आपलं अंडं आजीकडून वाजवून हवं होतं. मिरची शेजारी उभी राहून रांग लावत होती, आणि तिची मान आता छताला लागायची बाकी होती. खिडकीत अठ्ठावीस अंडी वाळली. निळी, पिवळी, लाल.

दुसऱ्या दिवशी शेडमध्ये दिव्याशेजारी मिरचीचं निळं अंडं ठेवलेलं होतं. मुकादमाने ते उचललं.

"हे काय? तडा गेलाय याला. दिसत नाही?"

"दिसतो ना."

"मग बाद कर."

दिवेवालीने पट्ट्यावरची नजर हलवली नाही. "हे पास आहे," ती म्हणाली.

सव्वीस वर्षांत मुकादमाने तिचा निकाल कधी फिरवला नव्हता. त्याने अंडं अलगद जागच्या जागी ठेवलं.