बिबड्या आणि नवऱ्याचा कंपोनंट

माझा नवरा कशाचीही तक्रार करत नाही. भाजी अळणी असली तरी 'छान झाली', पाठ दुखत असली तरी 'काही नाही'. कॉलनीतल्या बायका मला नशीबवान म्हणतात. त्यांचं काय जातंय म्हणायला.

आम्ही दोघं धुळ्यात घरूनच वेबसाइटी बनवतो. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून कॉलनीसाठी एक पान केलं होतं. व्हॉल्व्ह उघडणारे भाऊ मोबाईलवरून कळवतात आणि पानावरच्या चौकोनात दिसतं, आज पाणी आहे की नाही. तो चौकोन नवऱ्याने लिहिला होता. आमच्या धंद्यात अशा तुकड्याला कंपोनंट म्हणतात. एकदा लिहायचा आणि लागेल त्या पानावर बसवायचा. त्याने तोच पुढे एका मंगल कार्यालयाच्या पानावरही बसवला.

चौकोन लिहिणाऱ्याच्याच वळणावर गेला होता. नेट गेलं, निरोप पोचला नाही, काहीही बिघडलं, की तो ती एरर गुपचूप गिळायचा आणि 'आज पाणी नाही' असं लिहून मोकळा व्हायचा. मला याचा पत्ताच नव्हता.

उन्हाळ्यात शेजारच्या अक्कांनी बिबड्यांचा घाट घातला. त्यांची लेक सुरतेहून आली होती, दुसऱ्या दिवशी परत जायची होती. बिबड्या म्हणजे आमचे ज्वारीचे पापड. ज्वारी भिजवा, दळा, ते पीठ हंडीत शिजवा आणि गच्चीवर थापा. पाणी भरपूर लागतं. अक्कांचं भिजवलेलं पीठ तयार होतं, त्या दिवशी शिजलं नाही तर आंबणार होतं.

सकाळी नळ वाजला तसं मी पाणी भरून घेतलं. नवऱ्याच्या कोडपेक्षा माझा नळाच्या आवाजावर जास्त विश्वास. अक्कांचा नळ तर कायम उघडाच असतो, म्हणून त्यांना हाक मारली नाही. पाणी गेल्यावर त्या देवळातून परतल्या आणि रिकामा हंडा घेऊन दारात उभ्या राहिल्या.

"मोबाईलमा लिखेल व्हतं, पाणी नही. मंग मी नळ बंद करी टाका. आते पोरले काय देऊ?"

मी आत येऊन पाहिलं. भाऊंनी निरोप धाडला तेव्हा नेट गेलेलं होतं. मग मी नवऱ्याकडे वळले.

"अहो, बिघडलं तर चौकोनाने सांगायला नको?"

"लाल अक्षरं दिसली की लोक घाबरतात. म्हटलं, आपणच सांभाळून घ्यावं."

"घेतलंत ना सांभाळून. आता जाऊन अक्कांचं तोंड बघा."

मला वाटलं, हा 'काही नाही' म्हणेल. पण तो उठला, अक्कांपुढे उभा राहिला आणि म्हणाला, "अक्का, माझं चुकलं. चौकोनाला माहीतच नव्हतं, तरी त्याने नाही म्हणून सांगितलं."

"मंग माहीत नही, आसं सांगानं ना, भाऊ," एवढंच त्या म्हणाल्या.

गल्लीतल्या घराघरातून हंडे निघाले. नवऱ्याने ते गच्चीवर चढवले, पाठीचं नावही न काढता. पीठ घोटायला मी बसले. थोड्या वेळाने बुडाला लागल्याचा वास आला. पाणी घालू की लाकूड ओढू, मला कळेना. मी ओरडले, "अक्का, खाली लागतंय!" अक्कांनी लाकूड ओढलं. बिबडी किती घट्ट हवी ते त्यांना माहीत, मला नाही. माझं काम हाक मारण्यापुरतंच. मी नवऱ्याला म्हटलं, "बघा, तुमच्या चौकोनाला एवढंच शिकवायचंय. नुसती हाक मारायची, काय करायचं ते पान ठरवेल."

तो हसला. एवढ्यात अक्कांनी सगळ्यांच्या हातावर गरम पीठ तेल घालून ठेवलं. बायकांनी चाखून माना डोलावल्या, मीही डोलावली. पाणी वेळेवर मिळालं होतं, आता खोड कोण काढणार? नवऱ्याने घास गिळला, माझ्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाला, "अक्का, मीठ कमी शे."

अक्कांनी पुन्हा चाखलं. मीठ टाकायचंच राहिलं होतं. हंडी अजून चुलीवर होती, म्हणून निभावलं. धुळ्याच्या उन्हात संध्याकाळपर्यंत बिबड्या कडकडीत वाळल्या आणि सकाळी डबा भरून सुरतेला गेल्या.

चौकोन त्याच दुपारी दुरुस्त झाला. आता बिघडलं की तो नुसतं 'माहीत नाही' म्हणतो. कॉलनीचं पान त्याखाली 'नळ उघडा ठेवा' असं लिहितं, मंगल कार्यालयाचं पान 'टँकर सांगून ठेवा' असं.

मला नवऱ्याचा फार अभिमान वाटला. जेवताना त्याने माझी डाळ चाखली आणि म्हणाला, "यातही कमीच आहे." मी मिठाची बरणी पुढे सरकवली. इतकी वर्षं तो काय काय गिळत आला होता, ते मला तेव्हा कळलं.