पालकाची सही

माझ्या वडिलांचा मार देवळालीच्या पंचक्रोशीत प्रसिद्ध होता. ते मिशनच्या शाळेत मास्तर. छडी उगारण्याआधी डाव्या हाताने उजवी बाही कोपरापर्यंत सरकवायचे, आणि छडी धरताना करंगळी बाहेर ठेवायचे, कपातून चहा पिणाऱ्या साहेबासारखी. त्या करंगळीकडे बघतच मी वाढलो. घरी छडी नसायची. घरी चप्पल, फुंकणी, जे हाताला लागेल ते. मला वडील आवडायचे आणि त्यांचा भयंकर रागही यायचा, दोन्ही एकाच वेळी.

बाहत्तर साली मी पुण्याला चित्रकलेच्या पहिल्या वर्षाला होतो. येत्या जानेवारीत पुढच्या शाखेचा फॉर्म भरायचा होता. वडिलांचं पक्कं ठरलं होतं, मी शिक्षकाची पदविका करायची, मग एखाद्या हायस्कुलात ड्रॉइंग मास्तर, मग पेन्शन. मला रंगकला घ्यायची होती. पण ती शिकून माणूस पुढे खातो काय, असं कोणी विचारलं असतं तर माझ्याकडे उत्तर नव्हतं. स्वतःला विचारायचंही मी टाळत होतो. फॉर्मवर पालकाची सही लागत होती.

नाताळच्या सुट्टीत घरी आलो तेव्हा गावातल्या विहिरींनी तळ गाठला होता. चर्चच्या पाळकांनी मला नाटकाचा पडदा रंगवायला सांगितला. आमच्याकडे दर नाताळात, बाळ येशूला शोधत हेरोद राजाचे शिपाई गावातल्या बाळांना मारतात ते नाटक व्हायचं. मी मांजरपाटाचे पट शिवून घेतले, काव, नीळ आणि चुना सरसात कालवला आणि चार दिवस चर्चमागच्या खोलीत कोंडून घेतलं. प्यायला पाणी नाही आणि हा रंग कालवतोय, म्हणून आई रोज तोंड सोडायची. कॉलेजात सर सांगायचे, जे पाहिलंय तेच काढा. तलवार उगारलेला माणूस मी कुठे पाहिलेला? मारायला उगारलेला एकच हात मला पाठ होता. शिपायाचा चेहरा मी दाढीवाल्या परक्याचा काढला. शपथेवर सांगतो, मुद्दाम काही केलं नाही. हात आपोआप आला.

नाताळच्या दुपारी पडदा टांगला गेला. समोर बसलेले निम्मे लोक वडिलांच्या हाताखालून गेलेले. सगळ्यांनी माना पुढे काढल्या. मग मागून कोणीतरी ओरडलं, "आरं, ही तर मास्तरांची करंगळी हाय!"

जो हशा उठला तो थांबेना. बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. हेरोद झालेला माणूस इतका हसला की पुठ्ठ्याचा मुकुट त्याच्या पायाशी पडला. वडील पहिल्या बाकावरून उठले आणि त्यांनी बाही सरकवली. तेव्हा तर लोक बाक बडवायला लागले, कारण पडद्यावर जे होतं तेच पडद्यापुढे चाललं होतं.

नाटकातल्या शिपायाच्या हातातला बांबूचा भाला त्यांनी हिसकावला. पहिला फटका माझ्या पाठीत बसला, दुसरा कानावर. कानातून रक्त मानेवर उतरलं. "बापाला काढतो? लेकरं मारताना काढतो बापाला?" असं म्हणत त्यांनी तिसरा उगारला. तो मी वरच्यावर पकडला, बांबू ओढून घेतला आणि जीव खाऊन त्यांच्या उजव्या मनगटावर हाणला. वाळकी काटकी मोडावी तसा आवाज आला.

हशा बंद झाला. मला थांबायचं नव्हतं. मला अजून मारायचं होतं, त्या हाताचा पार भुगा करायचा होता. दोघांनी मला कव घालून मागे ओढलं. वडील खाली बसले, मनगट मांडीवर घेऊन. माझ्याकडे बघितलंही नाही. पाळकांना म्हणाले, "नाटक हू द्या."

शाळा उघडली तेव्हा त्यांचा हात प्लास्टरमध्ये गळ्यात होता. "फळ्यावर लिव्हायला तू चल," एवढंच ते मला बोलले. ते खुर्चीत बसून सांगायचे, मी लिहायचो. तिसऱ्या दिवशी पुढच्या बाकावरची एक मुलगी शेजारणीला करंगळी दाखवून खुदकन हसली. माझं डोकं फिरलं. टेबलावरची पट्टी उचलून मी तिच्या दंडावर तीन-चार सपासप ओढल्या. ती किंचाळली तेव्हा भानावर आलो. माझी बाही कोपरापर्यंत सरकलेली होती. करंगळी बाहेर होती.

घरी जाताना कालव्याच्या कडेने वडील पुढे चालत होते. मागे न बघता म्हणाले, "मास्तर हू नगं तू."

"का?"

"बघितलं म्या आज."

त्या संध्याकाळी मी फॉर्मवर रंगकला लिहिली. पुढे आयुष्यभर कोणी विचारलं की मी रंगांच्या ओढीच्या गोष्टी सांगत आलो. त्या थापा होत्या. मला वर्गात उभं राहायची भीती बसली होती, म्हणून मी चित्रकार झालो.

वडिलांनी डाव्या हाताने सही करून बघितली, वहीच्या मागच्या पानावर, पाच-सहा वेळा. सगळ्या वेड्यावाकड्या आल्या. "ही माझी सही न्हाई," म्हणून त्यांनी पान फाडलं. शेतावरून दमून आलेल्या माणसांना कंदिलापुढे बसवून त्यांनी सही शिकवली होती. कोणी अंगठा उठवला की त्यांना तो स्वतःचा अपमान वाटायचा. त्यांनी शाळेतलं शिक्क्याचं पॅड मागवलं, डावा अंगठा दाबला आणि 'पालकाची सही' लिहिलेल्या रेघेवर टेकवला. मग आईने दिलेल्या फडक्याने तो कितीतरी वेळ पुसत बसले.

पुण्याला कॉलेजच्या खिडकीत कारकुनाने फॉर्म उलटून बघितला. माझ्या मागे वर्गातली मुलंमुली रांगेत उभी होती.

"वडील अडाणी आहेत का?" त्याने मोठ्याने विचारलं.

हात मोडला म्हटलं असतं, तर कसा मोडला हेही सांगावं लागलं असतं.

"हो," मी म्हणालो.

त्यांच्या मनगटावर हाणलेला बांबूचा तो फटका याच्यापुढे काहीच नव्हता.