ड्रॅगनचं अंडं आणि आमची पडवी

मुलगी शिकायला पुण्याला गेली आणि तिचा जुना लॅपटॉप इकडं गावी, डिंगोऱ्याला, आमच्या ताब्यात आला. त्यात एक जुना खेळ होता. जादूगाराचा किल्ला आणि त्यात वाट चुकलेला शिष्य, म्हणजे आम्ही. दिसेल त्या वस्तूवर क्लिक करायचं, ती झोळीत टाकायची आणि पुढं कुठंतरी तिचा उपयोग शोधायचा. बायको सांगणार, मी क्लिक करणार. दोरी, कंदील, मेलेला बेडूक, काही म्हणून सोडलं नाही. ड्रॅगनच्या घरट्यातलं अंडंही उचललं आणि तिथंच अडकलो. पूल ओलांडायला गेलं की ड्रॅगन डरकाळी फोडून आम्हाला जाळायचा. आठ दिवस आम्ही दुपारचं जेवण उरकून रोज जळत होतो, आणि सांगायला लाज कसली, मजेत जळत होतो.

त्या दुपारी उसाला पाणी द्यायला गेलो. कॉक फिरवायला वाकलो, तर बांधाजवळच्या पाचटात काहीतरी वळवळलं. ओंजळीएवढं, राखाडी, चिखलानं माखलेलं, डोळे मिटलेले. रानमांजराचं पिल्लू! आठ दिवसांच्या सवयीनं हात आपोआप पुढं गेला. टॉवेलात गुंडाळून घरी आणलं, पडवीत क्रेटमध्ये ठेवलं आणि आत ड्रॅगनपुढं जाऊन बसलो.

तासाभरानं पिल्लू ओरडायला लागलं. बायको बघायला उठली. ओल्या फडक्यानं तिनं त्याची पाठ पुसली आणि जागच्या जागी खाली बसली.

"अवो, मांजराला एवढा पंजा असतो व्हय?"

चिखलाखालून ठिपके निघाले होते.

सगळी हयात जुन्नर तालुक्यात गेली, आणि बिबट्याचं पिल्लू मी कडेवर घेऊन घरी आलो होतो! पिल्लू हरवलेली मादी वस्ती सोडत नाही, हे इथं शेंबड्या पोरालाही ठाऊक. आणि दिवस मावळताना गोठ्यात एकटी धारेला बसते ती माझी बायको.

वनरक्षकाला फोन केला. तो आला, हातमोजे घालून त्यानं पिल्लू तपासलं.

"भाऊ, उजेड हाय तवर जिथनं उचललं तिथंच ठेवायचं. चला, जागा दावा."

पाऊणशे पावलांची वाट. ती मी रोज शीळ घालत चालतो. त्या दिवशी तोंडात थुंकी नव्हती. वारा पडलेला, तरी उसाची पानं एका जागी सळसळत होती. आम्ही थांबलो की तीही थांबायची. वनरक्षकानं क्रेट हळूच बांधावर ठेवलं, आडवं केलं आणि कुजबुजला, "पाठ दावू नका." आम्ही उलट्या पावली घरी आलो. कसे आलो, मला आठवत नाही.

तिघंही स्लॅबवर चढलो. बायकोनं माझा दंड असा धरला होता की चार दिवस वळ होते. दिवस बुडता बुडता उसाच्या पोटातून ती बाहेर आली. क्रेट हुंगलं. पिल्लू तोंडात धरलं आणि ऊस पुन्हा मिटला.

मी मोठ्यानं हसलो. संकट टळलं! खाली उतरून वनरक्षकाला चहाला बसवणार, तेवढ्यात तो अंगणात बॅटरी धरून थांबला.

"भाऊ, हे बघा."

फुफाट्यात माझ्या चपलेचा ठसा होता, दुपारचा. त्यावर पंजा. आणि पंजावर वनरक्षकाचा स्वतःचा बूट.

"मी यायच्या आधीच ती येऊन गेली. तुमच्या मागं मागं."

पंजे पडवीच्या पायरीपर्यंत आले होते. तिथून वळून गेले होते. दार सताड उघडं होतं आणि आमच्या पाठी दाराकडं होत्या.

"परत का फिरली असंल?" वनरक्षक म्हणाला. "घरात काय चाललं व्हतं?"

"हे मरत व्हते," बायको म्हणाली. "धा-बारा येळा. ड्रॅगन लई वरडत व्हता."

कोडं आता सुटलंय. अंडं घरट्यात परत ठेवायचं. ड्रॅगन गप्प बसेल, पूल मोकळा होईल. बायकोला ते त्याच संध्याकाळी उमगलं. पण अंडं अजून आमच्या झोळीतच आहे. धारेला निघाली की ती लॅपटॉप पडवीत आणते, आवाज पुरता वाढवते आणि मला त्यापुढं बसवते.

"मी येईस्तोवर," म्हणते, "मरत ऱ्हावा."