बिरूमामांची राई

"मॅडम, झाडोऱ्यासाठी पार्किंग अडवता येत नाही," प्राचार्य म्हणाले. "सोमवारी कमिटी येतेय. कागदावर काहीतरी ठोस दाखवा, नाहीतर मंगळवारी जेसीबी."

कराडजवळच्या कॉलेजात मी बॉटनी शिकवायचे. झाडोरा म्हणजे लायब्ररीमागची साठेक झाडं. आमचे माळी बिरूमामा, वडूजकडच्या मेंढपाळ घरातले, त्यांनी ती वाढवलेली.

"कागदावर काय लिवनार?" मामांनी विचारलं.

"आर्बोरेटम." मला शिकवायची खोडच. "लॅटिन शब्द. आर्बोर म्हणजे झाड. त्याला एटम लागलं की झाडं लावलेली जागा. लॅटिनमध्ये झाड स्त्रीलिंगी, पण अशी जागा नपुंसकलिंगी. आधी अर्बुस्टम म्हणायचे. रोमन शेतकरी तिथल्या झाडांवर द्राक्षवेल चढवायचे."

"पलूसला लोखंडी अँगलवर चढवत्यात, तसं." मामा विचारात पडले. "म्हंजे राईच की, मॅडम."

राईच. पण आर्बोरेटममध्ये प्रत्येक झाडाची नोंद लागते: नाव काय, बी कुठून आणलं, कुणी आणलं. आणणाऱ्याला कलेक्टर म्हणतात.

दोन दिवस आम्ही झाडाझाडापाशी थांबलो. मामांना लिहिता-वाचता येत नाही, पण एकाही झाडाशी अडले नाहीत. "ह्यो हिवर दहिवडीच्या वाटंवरचा. ह्यो पांगारा कोयनंकडचा." कलेक्टरच्या रकान्यात मी न विचारता त्यांचं नाव टाकत गेले. तिसाव्या झाडाला नोंद वाचून दाखवली, तेव्हा त्यांनी मला थांबवलं.

"मी निस्तं खड्डं खांदलं, मॅडम. बी सुंदरानं आनलं. मेंढरामागं चालताना पदराला बांधायची. मला नोकरी लागली तवा म्हनली, आता एका जागी ऱ्हायाचं, तर वाटंवरची झाडं संगट नेऊ."

सुंदरामामींना जाऊन सहा वर्षं झाली होती. त्या झाडांखाली मी कितीतरी बॅचेस शिकवल्या आणि कधी विचारलं नाही. मला लाज वाटली. तीसही नोंदी पुन्हा लिहिल्या.

"कलेक्टर कुठल्या युनिव्हर्सिटीच्या?" कमिटीतल्या सरांनी विचारलं.

"मेंढ्या राखायच्या," मी म्हटलं. सर रजिस्टर शेवटच्या पानापर्यंत वाचत बसले. पार्किंग गेटबाहेर गेलं.

प्रत्येक झाडाला पाटी लागली. "हितं तिचं नाव कुटलं?" मामांनी विचारलं. मी त्यांचं बोट धरून त्या ओळीवर ठेवलं.

तेव्हापासून कुठलाही रकाना मी विचारल्याशिवाय भरत नाही. मामा रिटायर झालेत, तरी सकाळी फडकं घेऊन येतात. पाट्यांवर धूळ असते. एक ओळ तेवढी स्वच्छ असते.