गालावरचा तीळ

बुद्धमूर्तीच्या गालावर काळा डाग दिसला म्हणून मी तो ओल्या रुमालाने खसाखसा पुसला. तो दगडातलाच निघाला.

"अहो सर, पुसून जाणारा असता तर मी ठेवला असता का?" मूर्ती घडवणारा दत्तूभाऊ कळवळून म्हणाला. ती पाहायला आलेल्या विहार समितीच्या अध्यक्षांची नजर माझ्या पुसण्यामुळेच तिथे गेली होती.

"डागी मूर्ती आम्ही नेणार नाही," ते म्हणाले. दत्तूभाऊची एवढी मेहनत माझ्या रुमालाने पाण्यात घातली.

मग सावरासावर करायला मी थेट चीनमध्ये शिरलो. दीड हजार वर्षांपूर्वी तिथल्या उत्तरेतल्या एका सम्राटाने बौद्ध मठ पाडले. पुढे गादीवर आलेल्या नातवाने ते पुन्हा उभारले आणि स्वतःच्याच रूपाची बुद्धमूर्ती करवली. ती घडून झाली, तर चेहऱ्यावर आणि पायांवर काळे खडे, नेमके सम्राटाच्या तिळांच्या जागी! लोकांनी तो त्याच्या श्रद्धेला मिळालेला कौल मानला. राजाला बुद्धाचं तेज हवं होतं, भिक्खूंना राजाचा आसरा. चार खड्यांनी दोघांचंही भागलं. समोर सम्राट उभा असला की डागाचा तीळ होतो, एवढंच.

"तेव्हा साहेब, हा डाग नव्हे, तीळ आहे," मी ठासून सांगितलं.

अध्यक्षांनी मूर्तीकडे पाहिलं, मग माझ्या डाव्या गालाकडे.

"त्याच जागी तीळ तर तुम्हाला आहे. म्हणजे तुमचं तोंड आम्ही रोज विहारात बघायचं का?"