कपावरची बशी

माझा भाऊ सोपान शेवटचा आला तो मंगळवार होता. शिरूरहून न्हावऱ्यामार्गे येणारी एसटी त्याला दौंडात सोडायची आणि तिथून आमच्या रेल्वे कॉलनीपर्यंत तो चालत यायचा, रिक्षा म्हणून करायचा नाही. आला, हातपाय धुतले, भिंतीकडच्या खुर्चीत बसला. मी चहा केला. कप पुढ्यात ठेवला तर त्यानं बशी उचलून झाकणासारखी कपावर ठेवली. मग मला एक गोष्ट विचारली. ती काय, ते पुढे येईलच. मी ती हसण्यावारी नेली. त्यानं घड्याळ बघितलं. "येतो आक्का, गाडी जाईल," म्हणाला आणि गेला. मागे बशी उचलून बघते तर चहा तसाच, वर साय धरलेला. मला असा राग आला! एवढं आलं किसून घातलं होतं... त्या कपालाच चार शब्द सुनावले आणि चहा मोरीत ओतला. पुढच्या बुधवारी कारेगावहून, त्याच्या कामावरून, फोन आला. नव्या खोल्यांच्या स्लॅबवर पाणी मारायला चढला होता, छातीत कळ आली, खाली आणेपर्यंत सगळं संपलं होतं. सेहेचाळीस वर्षांचा होता. माझ्यापेक्षा पाच वर्षांनी धाकटा.

आम्ही कवठे येमाईचे. आजोबांचा जन्म मेंढरांमागे गेला, आज या रानात तर उद्या त्या. वडिलांनी, म्हणजे आमच्या आप्पांनी, मेंढरं विकून चार एकर रान घेतलं आणि आमचं बिऱ्हाड पहिल्यांदा एका जागी टेकलं. आप्पा बांधावर उभे राहून म्हणायचे, "आता आपल्याला कुनी ऊठ म्हननार न्हाई." हे वाक्य ऐकतच आम्ही दोघं मोठे झालो. माझं लग्न होऊन मी दौंडला आले. सोपान शिकत गेला, इंजिनिअर झाला, पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत लागला आणि नव्वदीच्या मधल्या वर्षांत कंपनीनं त्याला अमेरिकेला धाडलं. तिथं नोकरी सांभाळून त्यानं एक जुनं, गळकं घर विकत घेतलं, सुट्टीच्या दिवशी स्वतः चढून छप्पर दुरुस्त केलं आणि शिकणाऱ्या पोरांना भाड्यानं दिलं. फोनवर नोकरीचं अवाक्षर नाही, सगळं त्या घराचंच कौतुक. "आक्का, आता दुसरं घ्यायचं, मग तिसरं. कोडिंग काय, कुनीबी करंल!" मेंढरं राखणाऱ्याचा नातू अमेरिकेत घरं राखतो म्हणून मी त्याला चिडवायची.

दुसऱ्या घरासाठी आप्पांचं रान विकायचं ठरलं. आप्पा तेव्हा राहिले नव्हते. रानात माझाही वाटा होता, तो मी सोडल्याचा कागद लागणार होता. आमच्याकडे त्याला हक्कसोड म्हणतात आणि बहिणीनं तो साडी घेऊन हसतमुखानं करून द्यायचा अशी रीत आहे. ज्या बहिणीनं केला नाही तिचं माहेर तुटलं, असं चार घरी बघितलेलं. सोपान सुट्टीवर आला, जीप करून मला कचेरीत घेऊन गेला. कारकुनानं विचारलं, "बाई, राजीखुशीनं सही करताय ना?" मी तोंड उघडायच्या आत सोपान हसत म्हणाला, "व्हय व्हय, राजीखुशीनंच! आक्का हाय माझी." कारकुनानं परत माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. खरं सांगते, माझ्या मनात नव्हतं. मला पैसा नको होता. ते रान आप्पांचं होतं, आम्हाला कुणी ऊठ म्हणू नये म्हणून घेतलेलं. पण भावाचा उत्साह बघून जीभ उचलली नाही. येताना त्यानं हिरवी साडी घेऊन दिली.

पुढं दोन-तीन वर्षांत तिकडं कंपनीच बसली. तिथं राहायचा परवाना त्या नोकरीला बांधलेला असतो, नोकरी गेली की माणसानंही निघायचं, हे आम्हाला तेव्हा कळलं. दुसरी नोकरी मुदतीत मिळाली नाही. दोन्ही घरं येईल त्या किमतीला फुंकून, बायकोला घेऊन तो परत आला. सोबत दोन बॅगा आणि त्या छपरांच्या वेळचा एक पोलादी मोजपट्टीचा टेप. आप्पांच्या पोराला शेवटी कुणीतरी ऊठ म्हणालंच... हे मला तेव्हा सुचलं होतं, पण मी कुणाला बोलले नाही.

तो कवठ्याला गेला नाही, कारण येता-जाता ते रान दिसलं असतं. शिरूरला दोन खोल्या भाड्यानं घेऊन राहिला. लोकांना वाटायचं अमेरिकेवाला डॉलर पुरून बसलाय. बायको शाळेत शिकवू लागली म्हणून चूल पेटायची. भाऊबीजेला माझ्याकडे यायचा, ओवाळून घ्यायचा, पण मान वर करून बोलायचा नाही. पुण्यात नोकरी मिळत होती, ती त्यानं घेतली नाही. "मला घरंच करायची हायेत," एवढंच म्हणाला. कारेगावला तेव्हा कारखान्यांत कामाला लांबलांबची माणसं येत होती, एकेका खोलीत दहा-बारा जण झोपत होते. सोपाननं एका शेतकऱ्याला भागीदार धरून पत्र्याच्या सहा खोल्या उठवल्या. नळ स्वतः जोडले. कुणाचा नळ बिघडला की पाना घेऊन हा हजर! बिहारची पोरं त्याला 'सेठजी' म्हणायची आणि सेठजी पालथे पडून मोरी साफ करत असायचे. सहाच्या पंधरा झाल्या, पत्र्याच्या जागी स्लॅब आला, मग तो छोटे छोटे प्लॉट घेऊ लागला. हळूहळू तो मान वर करून चालायला लागला, त्याचा आनंद मला होत होता.

मात्र त्याची एक खोड एजंट लोकांत गाजली. जमीन दाखवली की हा आधी विचारायचा, "बहिणी किती?" आणि विसार द्यायच्या आधी त्या बहिणीच्या सासरी जायचा, मग ती पारनेरला असो नाहीतर बारामतीला. "भाऊ म्हनत्यात ते ऱ्हाऊ द्या, तुमच्या मनात काय हाय?" असं तिला तोंडावर विचारायचा. ती नाही म्हणाली की सौदा सोडून द्यायचा. असे चांगले चांगले सौदे हातचे गेले. आमच्या ह्यांना एक एजंट दौंड स्टेशनावर भेटला आणि हसत म्हणाला, "तुमचं मेव्हणं जमीन बघाया जात न्हाईत, बहिणी बघाया जात्यात!" ह्यांनी घरी येऊन सांगितलं. हे हसले, माझं मात्र डोकं फिरलं. जगाच्या बहिणींना विचारत फिरतोस, दौंडची एसटी बंद पडली का रे? कितीदा मनात हेच वाक्य जुळवलं. तो आला की मात्र मी वांग्याचं भरीत करायला घ्यायची.

आणि त्या मंगळवारी त्यानं विचारलं. खुर्चीत बसून, बशीवर बोट ठेवून. "आक्का, त्या दिशी कचेरीत... तुझ्या मनात व्हतं का गं?" इतकी वर्षं ज्याची वाट बघितली ते समोर आलं आणि मी काय केलं? हसले. "आता काय त्याचं! झालं-गेलं. चहा निवतोय, घे आधी." मला वाटलं मी मोठेपणा दाखवला, भावाचं ओझं हलकं केलं. तो म्हणाला, "व्हय, निवतोय खरा." आणि गाडीची वेळ झाली.

दहाव्याला घोडनदीच्या घाटावर माणसं पुष्कळ जमली होती. त्यांत न्हावऱ्याकडची एक म्हातारी काठी टेकत माझ्यापाशी आली. "तुमीच का दौंडच्या आक्का?" तिच्या भावांची जमीन सोपान घेणार होता आणि तिनं नकार दिला म्हणून घेतली नव्हती. सांगू लागली, "माज्या दारी आलं, मी चा ठिवला, तर बशी झाकली कपावर. म्हनलं, का वो दादा, आमचा चा चालत न्हाई व्हय? तर म्हनले, मावशी, आधी तुमच्या तोंडून ऐकू द्या. व्हय म्हना, न्हाई म्हना, चा पिऊनच जानार. पर ऐकल्याबिगर मला गिळायचा न्हाई." म्हातारीनं पदरानं डोळे पुसले. "मी न्हाई म्हनले बगा. तर हसले, आन् निवल्याला चा घटाघटा पिले."

मी तिथंच पायरीवर बसले. सोबत आलेल्या नणंदेला वाटलं, उन्हानं भोवळ आली.

महिना होऊन गेला. त्याचा टेप त्याच्या बायकोनं मला आणून दिला, तो कपाटात हिरव्या साडीवर ठेवलाय. पण माझं लक्ष कपाटाकडे नसतं. चार वाजता चहा होतो, मी दोन कप भरते, सवय म्हणा नाहीतर वेड. एक खुर्चीपुढं ठेवते आणि वर बशी ठेवते. मग ओट्याकडं तोंड करून, घरात कुणी नाही बघून, सांगते. नव्हतं रे माझ्या मनात, सोपान. अजिबात नव्हतं. घे आता, निवायच्या आत पिऊन टाक.